पंचावन्न इंची दुखवटा

टेम्पोतून आधी खोकं उतरलं, मग मेहुणे उतरले. खोकं एवढं मोठं होतं की समोरच्या गजराकाकू हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या आणि कपाट आणलंय का म्हणून विचारून गेल्या. धाकटा मेहुणा उत्तम म्हणाला, "टीव्ही हाय, काकू. दाजींच्या दुखवट्याचा."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

मालनला जाऊन सव्वा महिना झाला होता. आमच्याकडं सव्वा महिन्यानं बायकोच्या माहेरची माणसं दुखवटा घेऊन येतात. टोपी, उपरणं, एखादं शर्टाचं कापड आणायचं. नवऱ्याला पाटावर बसवून डोक्यावर नवी टोपी ठेवायची, गोडाचा घास भरवायचा आणि म्हणायचं, झालं ते झालं, आता उठा. आणलेली वस्तू परत करायची नसते. परत केली तर गेलेल्या माणसाचं माहेर तोडलं असं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. दुखवट्यात टीव्ही आणतात हे मात्र ठाऊक नव्हतं. नुसता टीव्हीच नव्हता. त्याच्या मागून एक लांब खोकं उतरलं, मग एक चौकोनी उतरलं, दोन्हीत त्याच्या आवाजाचं सामान. उत्तमचं जयसिंगपूरला इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. दुकानाचं नाव तिन्ही खोक्यांवर चिकटवलेलं होतं.

थोरले मेहुणे बापूसाहेब शेवटी उतरले. त्यांच्याबरोबर त्यांची बायको, म्हणजे मालनची वहिनी. वहिनी आत आल्या, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाच्या भिंतीकडच्या टोकाला बसल्या आणि खोलीवरून एकदा नजर फिरवली. ती मालनची बसायची जागा होती. मला सांगता आलं नाही. वहिनींना कुणी काही सांगत नसे.

टोपी झाली, घास झाला, जेवणं झाली. तेवढा वेळ खोकी भिंतीला टेकून उभी होती आणि माझा मुलगा रणजित जेवताना ताटाकडं कमी आणि त्यांच्याकडं जास्त बघत होता. हात धुतल्यावर उत्तमनं विषय काढला. सून तेजश्रीनं त्याला फोनवर सांगितलं होतं म्हणे, की आण्णा रोज दुपारी मोठ्या आवाजात मारामारीचे पिक्चर लावून बसतात, त्यातच त्यांचा जीव रमतो. ते ऐकून उत्तमला भरून आलं होतं. माणूस दुःखात पिक्चर बघतोय आणि तोही असल्या डबड्यावर. त्यानं त्याच दिवशी ठरवलं की ताईच्या नावानं दाजींना चांगला सेट द्यायचा. जुना तो परत जाताना घेऊन जाणार होता. एवढ्याशा खोलीत दोन सेट कुठं ठेवणार?

मला जुना सेट घरातून जाऊ द्यायचा नव्हता. पण कारण सांगता येत नव्हतं. मग मी मिळेल ते सांगत सुटलो.

आधी म्हणालो, दुखवट्यात नवी वस्तू बरी दिसत नाही. बापूसाहेब म्हणाले, दुखवटा असतोच नव्यासाठी, टोपी काय जुनी घातली होय तुम्हाला? मग म्हणालो, जुना अजून चालतोय. तर उत्तम मांडी घालून बसला आणि मला समजावायला लागला. दुकानात गिऱ्हाईकांना तो हेच सांगत असणार, कारण कुठंही अडखळला नाही. टीव्ही बिघडल्यावर बदलायचा नसतो म्हणाला, त्याची वेळ त्याआधीच येते. ती ओळखायची कशी, तर चित्र फिकं पडतं, काळं ते राखाडी दिसायला लागतं. सुरू व्हायला वेळ लागतो. बोललेलं कळत नाही, नुसती घरघर ऐकू येते. नवी वायर मागं बसत नाही. एक बटण दोनदा दाबावं लागतं.

"यातली दोन जरी दिसली ना, दाजी, तरी समजायचं, वेळ झाली."

मी मनात मोजलं. पाचही गोष्टी माझ्यात होत्या.

मग उत्तमनं नव्या सेटचे गुण सांगितले. त्याचा आवाज म्हणे आपोआप मापात राहतो. पडद्यावर मारामारी होऊ दे, गाडी उडू दे, घरात दणका बसत नाही, आणि माणसं बोलायला लागली की त्यांचं बोलणं तेवढं वर येतं. म्हाताऱ्या माणसांसाठीच काढलंय, असं तो म्हणाला. शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असलं तरी उठणार नाही.

"मला दणका आवडतो," मी म्हणालो.

"तुम्हाला सवय झालीय. जुना लावून दाखवा की एकदा. ऐकू या सगळ्यांनी. तुम्हीच म्हणाल, घेऊन जा म्हणून."

नाही म्हणायला जागाच नव्हती. मी उठलो आणि सेट लावला.

इथं मला थोडं मागं जायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. मालन त्याच शेडमध्ये कांडी भरायला, म्हणजे मागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायला होती. ज्यानं मागाची शेड बघितली नाही त्याला तो आवाज सांगून कळणार नाही. शेजारी उभा राहून माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथं माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, ओठ तेवढे नीट हलवायचे. समोरचा बघून ओळखतो. दोन-चार महिन्यांत कुणालाही जमतं, आणि एकदा जमलं की शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी निवांत बोलतो.

आमचं लग्न झालं तेव्हा घरात आई, वडील, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि खोल्या दोन. नवरा-बायकोनं बोलायचं कुठं? आम्ही शेडमध्ये बोलायचो. मालन कांड्या भरता भरता सगळं सांगायची. कोणत्या जावेनं काय केलं, कुणाचं दूध नासलं आणि नाव कुणावर आलं. रणजित होणार हेही मला तिथंच कळलं. माझ्या हातातला पाना खाली पडला, आणि तो पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

पुढं माझे कान गेले, मग गुडघे गेले आणि काम सुटलं. मालनही घरी बसली. घरात दिवसभर शांतता, आणि आम्हाला बोलताच येईना. मोठ्यानं बोललं तर गल्लीला ऐकू जायचं. हळू बोललं तर मला ऐकू यायचं नाही. शांततेत नुसते ओठ हलवायचे तर आपलंच आपल्याला हसू यायचं. दोघंही एकमेकांकडं बघत बसायचो आणि चहा प्यायचो. एक दिवस मालन म्हणाली, दणक्याचा एखादा टीव्ही घेऊ या.

आम्ही कोल्हापूरला गेलो. दुकानदार आम्हाला पाखरांचा आवाज किती स्वच्छ येतो ते दाखवत होता. मालन त्याला म्हणाली, पाखरं राहू द्या, लढाई लावा. त्यानं लावली. टीव्हीच्या आजूबाजूला आवाजाचे डबे, मागं डबे आणि खाली एक मोठा डबा. तो मोठा डबा असा काही गुरगुरला की दुकानदाराच्या टेबलावरचा पेला सरकला. मालन माझ्यासमोर उभी राहिली आणि ओठांनी म्हणाली, "तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय." मी खाली बघितलं. तुटलं होतं. मग ती दुकानदाराला तोंडानं म्हणाली, "हाच द्या."

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही सेट लावायचो आणि बोलायचो. तेजश्रीला वाटायचं, सासू-सासऱ्यांना पिक्चरचं वेड आहे. एकदा तिनं मला विचारलं, आण्णा, यात शेवटी कोण मरतं? मला त्यात कोण होतं हेही माहीत नव्हतं.

मालन गेल्यावर मी सेट लावायचं बंद केलं नाही. दुपारी तो लावायचा, दिवाणाच्या भिंतीकडच्या टोकाकडं तोंड करायचं आणि तिला सगळं सांगायचं. शांततेत एकटा माणूस बोलायला लागला तर त्याला दवाखान्यात नेतात. दणक्यात बोलला तर लोक म्हणतात, पिक्चर बघतोय. आणि आता उत्तम माझ्या घरात असा सेट बसवणार होता की ज्याच्यात दणकाच नाही.

तर मी सेट लावला.

चित्र यायला वेळ लागला. उत्तमनं बापूसाहेबांकडं बघून एक बोट दुमडलं. काळ्या कपड्यातला माणूस राखाडी दिसला, दुसरं बोट दुमडलं. मग आवाज वाढवायचं बटण मी दोनदा दाबलं, तिसरं. तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी दारातून बाहेर फेकलं आणि मोठ्या डब्यानं आपलं काम सुरू केलं. मांडणीतली ताटं वाजायला लागली. उत्तम काहीतरी ओरडत होता. बापूसाहेबांनी कानावर हात ठेवले. तेजश्री आतून आली आणि परत आत गेली.

आणि माझे ओठ हलायला लागले. मी ठरवून केलं नाही. आवाज चढला की ते आपोआप सुरू व्हायचे. नेहमीच्या जागेकडं, दिवाणाच्या त्या टोकाकडं माझं तोंड होतं.

मी म्हणालो, "मालन, तुझे भाऊ आज माझ्या गळ्यात टीव्ही बांधून जाणार बघ. धाकट्याला दुकानातला माल खपवायला माझंच घर सापडलं. थोरला कधी बोलला नाही तो आज टोपीवर बोलला. आणि तुझी वहिनी तुझ्याच जागेवर जप्तीला आल्यासारखी बसलीय."

तेव्हा दिवाणाच्या त्या टोकाचे ओठ हलले.

"जप्तीला न्हाई, जेवायला आलेय. आमटीत मीठ कमी होतं."

वहिनी माझ्याकडंच बघत होत्या. हात मांडीवर, चेहरा सरळ. माझ्या हातातला रिमोट दिवाणावर पडला. मला पहिल्यांदा वाटलं, कानांपाठोपाठ डोळेही गेले.

मी ओठांनी विचारलं, "तुम्हाला हे कळतं?"

"कांडीवर होते मी लग्नाआधी. इथंच, इचलकरंजीत."

वहिनींचं माहेर इचलकरंजीचं, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यांच्या वडिलांचे स्वतःचे माग होते असं लग्नात सांगितलं होतं. बापूसाहेबांच्या घरात ऊस होता, मान होता. त्यांची सून कांड्या भरत होती हे त्या घरात कुणी काढत नसे.

"वडलांचे माग?" मी विचारलं.

"लोकांचे माग. वडील पण माझ्यासारखेच कामाला." त्या जराशा पुढं झुकल्या. "रणजितच्या लग्नात बँड वाजत होता. तुम्ही दोघं मांडवात समोरासमोर. मालन तुम्हाला म्हणाली, वहिनी पावडर लावून आलीय का पिठात पडलीय."

मालन तसं म्हणाली होती. आणि मी काय उत्तर दिलं होतं तेही मला आठवलं. बारशात, जत्रेत, मिरवणुकीत, जिथं जिथं ढोल नाहीतर बँड होता तिथं तिथं आम्ही दोघं वहिनींच्या समोर उभं राहून वहिनींबद्दलच बोललो होतो. त्यांच्या चालण्यावर, त्यांच्या लाडवांवर, त्यांच्या बहिणीच्या नवऱ्यावर. आमच्या संसारातली हक्काची करमणूक होती ती. आणि या बाईनं त्यातला शब्द न् शब्द वाचला होता.

"कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही बंद केलं असतं. मग मी काय बघितलं असतं? लग्नानंतर ओठांनी बोलणारं माझ्याजवळ कुणी न्हवतं. तुम्ही दोघं आलात की बरं वाटायचं." मग त्या म्हणाल्या, "पावडर जास्तच झाली होती त्या दिवशी."

उत्तम मला हातानं खुणा करत होता, बंद करा, बंद करा. त्याला वाटत होतं, आम्ही दोघं त्या दणक्यात एकमेकांना ओरडून काहीतरी सांगतोय. वहिनींनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"रोज बोलता तिच्याशी?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"तिला कळतं का?"

पडद्यावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. मी म्हणालो, "ते माहीत नाही. पण आधी तीच जास्त बोलायची. आता मला माझं बोलणं पुरवून पुरवून वापरावं लागतं."

वहिनींनी मान हलवली. मग वाकून रिमोट उचलला आणि सेट बंद केला. खोलीत एकदम एवढी शांतता झाली की सगळ्यांना चुकल्यासारखं वाटलं.

उत्तमनं श्वास सोडला आणि आता तरी पटलं का म्हणून विचारलं. तो मागच्या वायरी काढायला उठला. रणजित त्याला मदत करायला केव्हाचा टपला होता, तोही उठला.

"हात लावू नका त्याला," वहिनी म्हणाल्या.

दोघं जागच्या जागी थांबले.

"माणूस गेल्यावर वर्ष होईपर्यंत त्या माणसानं वापरलेली चालू वस्तू घराबाहेर काढत न्हाईत. बंद पडलेली काढतात. चालू न्हाई."

उत्तमनं असं कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, असं कुठं असतं?

"इचलकरंजीत असतं. माझ्या माहेरी सगळे पाळतात."

मी जन्मापासून इचलकरंजीत आहे. या दुखवट्याला आता सात वर्षं झाली, मी अजून विचारतोय, आणि ही रीत पाळणारा माणूस मला भेटलेला नाही. पण उत्तमनं आधारासाठी बापूसाहेबांकडं बघितलं, तर बापूसाहेब म्हणाले, "व्हय, असतं तसं." त्यांना काही माहीत असणं शक्यच नव्हतं. त्यांना बायको माहीत होती.

उत्तमनं तरी थोडा जोर लावून बघितला. दुखवट्याची वस्तू परत न्यायची नसते, मग हिचं काय करायचं, असं त्यानं विचारलं. वहिनी म्हणाल्या, परत कोण नेतंय, वरच्या खोलीत लावा, पोरांना होईल. हे ऐकल्याबरोबर रणजितला ती रीत लगेच पटली. इतकी की आपण लहानपणी कुणाकडं तरी पाहिली होती असंही तो बोलून गेला. टीव्ही वर गेला. त्याच्याबरोबर उत्तम, रणजित, बापूसाहेब आणि शेजारचे दोघं जिना चढून गेले, आणि पंचावन्न इंच वळणावर अडकल्यामुळं बराच वेळ तिथंच राहिले. मधूनच उत्तमचा आवाज यायचा, तिरकं करा, तिरकं करा. दुकानातून माल बाहेर काढायची त्याला सवय होती, जिन्यातून वर न्यायची नव्हती.

तेजश्री चहा टाकायला आत गेली. खोलीत मी आणि वहिनी दोघंच राहिलो. मी आभार मानायला तोंड उघडलं, पण वहिनींनी हातानंच थांबवलं. वर्ष झाल्यावर मी परत येणार आहे, असं त्या म्हणाल्या. तेव्हा सेट बघते आणि बदलायचा की नाही ते ठरवते, तोपर्यंत त्याला हात लावू देऊ नका. त्या पुढच्या वर्षी आल्या आणि त्यांनी आणखी एक वर्ष दिलं. त्यानंतरही त्या दर वर्षी येतात.

पण त्या दिवशी त्या लगेच निघाल्या नाहीत. दिवाणावरून उठल्या, पदर नीट केला आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. भिंतीकडची जागा मोकळी झाली.

"एकदा लावा की," त्या म्हणाल्या. "मोठा लावा."

मी लावला. चित्र यायच्या आधी आवाज आला. ताटं पुन्हा वाजायला लागली. जिन्यातून उत्तम काहीतरी ओरडला, ते कुणाला कळलं नाही. वहिनी त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिल्या. मग त्यांचे ओठ हलले. पहिला शब्द मी वाचला, तो "मालन" होता.

पुढचं मला सहज कळलं असतं. मी उठलो, खिडकीशी गेलो आणि पाठ फिरवून रस्त्याकडं बघत उभा राहिलो. दणक्यानं खिडकीची काच थरथरत होती. वहिनी बराच वेळ बोलत असाव्यात. त्यांचं होईपर्यंत मी आवाज कमी केला नाही.